काकांचा फोन नुसता ‘बटण, बटण’ का म्हणतो?

माझे काका राजापूर तालुक्यात राहतात. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. तिकिटांच्या पेटीत कुठल्या कप्प्यात किती रुपयांचा गठ्ठा आहे हे ते न बघता सांगायचे, रात्रीच्या गाडीत दिवा गेला तरी नाणी बोटांनी ओळखायचे. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. पण त्यांची हापूसची चाळीसेक कलमं आहेत, आणि मार्चपासून मे संपेपर्यंत मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं सांभाळायचं काम ते आजही स्वतः करतात. फोन बोलतो, काका ऐकतात, हिशेब डोक्यात ठेवतात.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बँकेचं ॲप अपडेट झालं. त्या दिवसापासून फोन जिथे बोट ठेवावं तिथे ‘बटण’ एवढंच म्हणायला लागला. बटण. बटण. बटण. शिल्लक बघायचं कुठलं, पैसे पाठवायचं कुठलं, पत्ता नाही. काकांनी मला फोन केला. म्हणाले, “अरे, सगळ्या दारांवरच्या पाट्या काढून नेल्यान रे कुणीतरी.”

मी सॉफ्टवेअर लिहितो. रत्नागिरीत बसून आंबा बागायतदार, होमस्टेवाले, दोन-चार पतसंस्था यांची कामं करतो. काकांनी एका वाक्यात जे सांगितलं त्याला आमच्या धंद्यात ॲक्सेसिबिलिटी म्हणतात, सरकारी मराठीत सुगम्यता. म्हणजे दिसत नाही, ऐकू येत नाही, हात नीट चालत नाही किंवा वाचलेलं चटकन उमगत नाही, अशा माणसालाही ॲप किंवा संकेतस्थळ स्वतःचं स्वतः वापरता येणं. हा विषय अवघड समजला जातो. तो तसा नाही, हे आणि तो टाळणं का चुकीचं आहे हे मला सांगायचं आहे.

काकांच्या फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय आहे. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनमध्ये ती आधीपासूनच असते, वेगळे पैसे पडत नाहीत. आयफोनमध्ये तिचं नाव व्हॉइसओव्हर. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी सुरू केलेला हा प्रोग्रॅम मराठीही वाचतो. या सगळ्यांना मिळून स्क्रीन रीडर म्हणतात. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोन मोठ्याने सांगतो. हवं ते सापडलं की दोनदा टकटक करायचं.

आता सगळा विषय ज्या एका गोष्टीवर उभा आहे ती गोष्ट. स्क्रीन रीडर मुळात पडद्यावरचं चित्र बघून बोलत नाही. ॲप लिहिणाऱ्याने पडद्यामागे प्रत्येक वस्तूचं जे नाव आणि जो प्रकार लिहून ठेवलेला असतो तो तो वाचतो. घराचं चित्र असलेलं बटण तुम्हाला ‘मुख्य पान’ म्हणून कळतं, कारण तुम्ही ते चित्र पाहिलं. स्क्रीन रीडरला ते कळायचं तर कोडमध्ये कुणीतरी ‘मुख्य पान’ हे दोन शब्द लिहावे लागतात. नाही लिहिले तर त्याला इतकंच माहीत असतं की इथे दाबण्यासारखं काहीतरी आहे. म्हणून तो ‘बटण’ म्हणतो. काकांच्या ॲपमधली जुनी अक्षरांची बटणं अपडेटमध्ये गेली, चित्रांची आली, आणि चित्रांना नावं द्यायची राहिली. एका बटणामागे कोडची एक ओळ. तेवढ्यासाठी काका तीन महिने शेजारच्या मुलाला पिन सांगून पैसे पाठवत होते. मुलगा चांगला आहे, एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. पण काकांच्या खात्यात किती आहेत हे वाडीला कळलं. ते काकांना लागलं, आणि का लागलं हे मला कुणी समजावून द्यायची गरज पडली नाही.

ॲप येण्याआधी काका बँकेत जायचे. खिडकीमागचा माणूस स्लिप भरून द्यायचा, सही कुठे करायची तिथे त्यांचं बोट टेकवून द्यायचा, रक्कम हळू आवाजात सांगायचा. माणूस समोर असला की पुढच्याला पाहून तो आपली रीत बदलतो. ॲपला ते जमत नाही. लिहिणाऱ्याने जेवढ्या प्रकारच्या माणसांचा विचार केला तेवढीच माणसं त्यातून आत जाऊ शकतात. शाखेतली खिडकी बंद करून आपण ॲप देतो तेव्हा नवी सोय देतोच, पण कुणाकडे आधीपासून असलेली एखादी वाट बुजवतोही. नैतिक प्रश्न मला इथे दिसतो. सुगम्यतेकडे ‘दिव्यांगांसाठी काहीतरी जास्तीचं करू या’ अशा मदतीच्या भावनेने बघितलं जातं. मला वाटतं की आधी होतं ते काढून घेऊ नका, एवढी साधी मागणी आहे ही.

कोकणात पाखाडी सगळ्यांना माहीत आहे. डोंगरउतारावरच्या घरापर्यंत जाणारी जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट. आमच्या वाडीत एका आजींना पाय गेल्यावर चाकाच्या खुर्चीतून खाली आणायचं म्हणून मुलांनी पाखाडीच्या कडेने सिमेंटचा उतार केला. आजी गेल्याला आता काही वर्षं झाली. उतारावरून मात्र रोज गॅसचा सिलिंडर वर जातो, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या हातगाडीवरून खाली येतात, बाळंतीण घरी येते ती त्याच वाटेने. पायऱ्या अजून शेजारीच आहेत. पेट्या घेऊन त्या बाजूला कुणी वळत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये अगदी हेच होतं. भर दुपारी जेटीवर उभं राहून फोन उघडा. पांढऱ्या पडद्यावर फिकट राखाडी अक्षरं असतील तर तुमची नजर कितीही धड असली तरी काही वाचता येणार नाही. यासाठी जगभर मानलेली एक मर्यादा आहे: साध्या आकाराची अक्षरं आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ हवं, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ चालतं. ती ठरवली कमी दिसणाऱ्यांसाठी. उपयोग उन्हातल्या खलाशाला होतो, चाळिशी लागलेल्या चाकरमान्याला होतो, पडदा तडकलेला स्वस्त फोन वापरणाऱ्यालाही होतो. आपल्याकडे आंब्याच्या जाहिरातीत पिवळ्यावर पांढरी अक्षरं टाकायची फार हौस आहे. शुद्ध पिवळ्यावर पांढऱ्याचं प्रमाण येतं जेमतेम १.०७. त्याच पिवळ्यावर काळी अक्षरं घातली तर १९ च्या वर जातं. रंग बदलायला पैसे लागत नाहीत.

बटणाच्या आकाराचंही तसंच. मासळी हाताळून ओले झालेले हात, वयाने थरथरणारी बोटं, झेल्याने आंबे काढताना पडून प्लास्टरमध्ये गेलेला उजवा हात: या तिघांनाही चिकटून बसवलेली बारीक बटणं दाबता येत नाहीत. यातला एकच कदाचित कागदोपत्री दिव्यांग असेल.

हे नियम कुठून आले ते थोडक्यात सांगतो. वेबचे तांत्रिक मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं १९९९ मध्ये पहिल्यांदा काढली. दुसरी आवृत्ती २००८ ची, आणि तिचीच वाढवलेली २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. पानं पुष्कळ आहेत, पण पाया चार प्रश्नांचा. समोर काय आहे ते कुठल्या ना कुठल्या इंद्रियाने कळतं का? माउस नसला, बोट नीट चालत नसलं, तरी चालवता येतं का? समजतं का? आणि स्क्रीन रीडरसारख्या इतर साधनांशी त्याचं जुळतं का? भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आणि भारतीय मानक १७८०२ हे दोन्ही याच वाटेने जातात.

मराठीची म्हणून एक वेगळी अडचण आहे. तिच्याबद्दल फार बोललं जात नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधी मराठी टाइप करायला जे फॉन्ट निघाले, त्यात पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी कॉम्प्युटरच्या लेखी तिथे रोमन लिपीतलं एखादं अक्षर किंवा चिन्ह असतं. डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र अर्थहीन अक्षरांची रास. गावोगावच्या सूचना, निविदा, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आजही अशा फॉन्टमध्ये टाइप होऊन पीडीएफ म्हणून चढवले जातात. स्क्रीन रीडर ते वाचायला गेला की तोंडातून निव्वळ गोंगाट बाहेर पडतो. कागद स्कॅन करून चढवला असेल तर तेवढंही नाही, कारण ते नुसतं छायाचित्र. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारं आंब्याच्या दराचं पत्रक? तेही चित्रच. ‘पाच डझनाची पेटी, घरपोच, खाली दिलेल्या नंबरवर संपर्क’ हे सगळं नक्षीदार अक्षरांत लिहिलेलं, आणि काकांच्या फोनला त्यात काहीच सापडत नाही. पत्रकाखाली तोच मजकूर साध्या अक्षरांत टाइप करून पाठवला की काम झालं.

दुसरी चूक त्याहून बारीक. पानाच्या कोडमध्ये भाषा कोणती ते सांगायची एक जागा असते. तयार साच्यातून पान बनवलं की तिथे इंग्रजी असं लिहिलेलं असतं आणि ते बदलायचं राहून जातं. मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो, किंवा सरळ गाळतो. ती खूण ‘मराठी’ अशी बदलायला अर्धं मिनिट लागतं. मी स्वतः ही चूक कित्येक वर्षं केली आहे, आणि मला ती काकांनी दाखवली.

गंमतीची नव्हे, कामाची गोष्ट अशी की जे स्क्रीन रीडरला वाचता येत नाही ते बहुतेक वेळा गूगललाही नीट वाचता येत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर शोधात सापडत नाही. फोटोला वर्णन दिलेलं असेल, मथळ्यांना मथळे म्हणून खूण केलेली असेल, तर शोधयंत्राला पान कळायला मदत होते. गुहागरच्या एका होमस्टेचं पान मी बनवलं तेव्हा मालकिणीने विचारलं, “फोटोखाली न दिसणारं वर्णन कशाला लिहायचं?” मी म्हटलं, वहिनी, ते दोघांसाठी आहे, ज्याला दिसत नाही त्या माणसासाठी आणि ज्याला डोळे नाहीत त्या गूगलसाठी. त्यांनी मग स्वतः बसून लिहिलं: ‘ओटीवर झोपाळा, समोर पोफळीची बाग, अंगणातून आत यायला एक पायरी.’ ती एक पायरी त्यांनी लिहिली याचं मला फार बरं वाटलं. आईला खुर्चीवरून घेऊन येणाऱ्या मुलाला नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं.

म्हणजे आपण धंद्याच्या बाजूला आलो.

२०११ च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटना जगातल्या १६ टक्के लोकांना, म्हणजे दर सहामागे एकाला, लक्षणीय अपंगत्व आहे असं सांगते. दोन आकड्यांत एवढं अंतर पडतं ते मुख्यतः कुणाला मोजायचं आणि प्रश्न कसा विचारायचा यावरून. पण लहान आकडा धरला तरी तो धंद्यासाठी लहान नाही, कारण गिऱ्हाईक एकटं नसतं. मे महिन्यात सहा जणांचं कुटुंब कोकणात यायचं ठरवतं आणि बुकिंगचं काम कर्णबधिर मुलीकडे असतं. तुमच्या पानावर ‘बुकिंगसाठी फोन करा’ एवढंच असेल तर ती एकटी जात नाही, सहाही जण दुसरीकडे जातात. आणि तुम्हाला ते कधीच कळत नाही. आलेल्या गिऱ्हाइकाची नोंद राहते, दारातून परतलेल्याची राहत नाही. ‘आमच्याकडे कुणी अंध गिऱ्हाईक येतच नाही’ असं मला जेव्हा कुणी सांगतं, तेव्हा मला त्याच्या ॲपमधली नावं नसलेली बटणं आठवतात.

खर्चाचं म्हणाल तर तो वेळेवर अवलंबून आहे. बटण लिहितानाच त्याचं नाव लिहिलं तर काहीच लागत नाही. पाचशे पडद्यांचं ॲप तयार झाल्यावर कुठे काय राहिलं ते शोधून दुरुस्त करणं हे वेगळं काम होऊन बसतं, त्याला माणसं लागतात, महिने लागतात. जोत्याचा चिरा बसवतानाच पाण्याला वाट ठेवायची असते, भिंत उभी राहिल्यावर ती फोडावी लागते. गवंड्याला हे सांगावं लागत नाही.

कायदाही आता बाजूला उभा राहिलेला नाही. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ती २१ झाली. सरकारी असो की खासगी, सेवा देणाऱ्याने ती सुगम्य करावी असं हा कायदा म्हणतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की याबाबतचे नियम नुसते शिफारशीचे असून चालणार नाहीत, किमान काही बंधनकारक असलेच पाहिजेत. मग ३० एप्रिल २०२५ चा निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन याचिकाकर्त्यांचं म्हणणं होतं की केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा म्हणतात, ती आम्ही कशी करायची? ज्यांच्या पापण्या जळाल्या आहेत त्यांच्यापुढे हा प्रश्न खरोखर उभा होता. न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसी सगळ्यांना करता यावी म्हणून २० निर्देश दिले.

बाहेरदेशीही तेच. अमेरिकेत टार्गेट या दुकानसाखळीने संकेतस्थळ दृष्टिहीनांना वापरता येत नाही म्हणून झालेल्या दाव्यात २००८ मध्ये ६० लाख डॉलर देऊन तडजोड केली. युरोपचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आहे. त्यात ऑनलाइन दुकानं, बँका, ई-पुस्तकं, प्रवासाची तिकिटं हे सगळं येतं. चिपळूण-रत्नागिरीत घरी बसून परदेशातल्या कंपन्यांची कामं करणारी मुलं आता बरीच आहेत. त्यांना मी मनापासून सांगतो, ही विद्या शिका, मागणी आहे.

पण धंद्याच्या युक्तिवादाला एक मर्यादा आहे, आणि ती लपवली तर मी खोटा ठरेन. तीनशे गिऱ्हाइकांच्या एखाद्या बागायतदाराचा हिशेब मांडला तर सुगम्यतेमुळे एका हंगामात एकही पेटी जास्त खपली नाही असं निघू शकतं. मग काय करायचं? फायदा दिसत नाही म्हणून काकांनी पिन शेजाऱ्याला सांगत राहायचं? बस परवडत नाही म्हणून एखाद्या वाडीची एसटी बंद होते तेव्हा आपण मोर्चा काढतो. तिथे नफ्याचा हिशेब आपण शेवटचा मानत नाही. फायद्याचं कारण दार उघडायला उपयोगी पडतं, मालकाला पटतं, म्हणून मी ते सांगतो. दार उघडं ठेवायला त्याच्याहून पक्कं कारण लागतं, आणि ते म्हणजे माणसाने आपलं काम आपल्या हाताने, दुसऱ्याला न विचारता करणं.

एक सावधगिरीही सांगायला हवी. ‘ही एक ओळ टाका, तुमचं संकेतस्थळ आपोआप सुगम्य होईल’ असं सांगून तयार जोडण्या विकल्या जातात. पानाच्या कोपऱ्यात एक छोटी आकृती येते, अक्षरं मोठी करायची बटणं येतात. नाव नसलेल्या बटणाचा अर्थ लावायचं काम अशी जोडणी खात्रीने करू शकत नाही. असा दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. तसंच दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची पहिली पानं यंत्राने तपासणाऱ्या वेबएम या संस्थेला २०२५ मध्ये ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या. सगळ्यात जास्त आढळणारी चूक कोणती, तर फिकट अक्षरं. म्हणजे बहुतेकांचं अजून पहिलंच पाऊल पडायचं आहे.

ते पाऊल टाकायचं असेल तर उद्या सकाळी स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर हे करून बघा. माउस बाजूला ठेवा आणि फक्त कीबोर्डवरची टॅब, एंटरसारखी बटणं दाबून एक ऑर्डर पूर्ण करता येते का ते पाहा. फोनचे रंग काढून पडदा काळा-पांढरा करा. ‘लाल रकाने भरा’ असं लिहिलेलं असेल तर ते रकाने आता ओळखू येतात का? मग सेटिंगमधून टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटा आणि एक पेटी आंबा मागवा. पहिल्यांदा घाबरायला होईल, दहा मिनिटांत हात बसतो. आणि शक्य असेल तर ज्याला खरंच दिसत नाही अशा माणसाला बोलवा, त्याच्या वेळेचे पैसे द्या, आणि तो वापरत असताना मध्ये बोलू नका.

मी काकांना तसं बसवलं, यंदाच्या हंगामाआधी, त्यांच्याच आंब्याच्या ऑर्डरच्या पानावर. अधिक-उण्याच्या बटणांना मी ‘अधिक’ आणि ‘उणे’ अशी नावं दिली होती. काका म्हणाले, “कशात अधिक? ‘एक पेटी वाढवा’ असं म्हणू दे की त्याला.” ते केलं. पेट्यांची संख्या बदलली की फोनने आपणहून नवी रक्कम सांगावी हेही त्यांनी सुचवलं, तेही केलं. त्यानंतर पैसे भरायचं पान येतं, ते माझं नाही, दुसऱ्या कंपनीचं आहे. तिथे पाच मिनिटांची वेळ लागलेली असते. काकांचा फोन सगळं वाचून दाखवेपर्यंत, आणि आमच्या वाडीत ओटीपीचा मेसेज यायला जो उशीर होतो तो धरून, ती वेळ संपते आणि पहिल्यापासून सुरू करावं लागतं. मुदत संपण्याआधी ‘अजून वेळ हवा का’ असं विचारणारं एक बटण तिथे हवं. मार्गदर्शक तत्त्वांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या कंपनीला मी तीनदा लिहिलं आहे. चौथं पत्र काकांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. ते काल पाठवलं.